विश्लेषण : कोरडा दिवस शुक्रवारी की नळाच्या दिवशी? डेंग्यूचा निरोप गावात कुठे अडतो

‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. घरातील सर्व पाणीसाठे रिकामे करा.’ पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, उपकेंद्राच्या दारात आणि आता व्हॉट्सॲपच्या गटांवर हा निरोप फिरू लागतो. निरोप चुकीचा नाही. पण बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या गावात तो वाचणाऱ्या बाईच्या मनात पहिला प्रश्न वेगळाच येतो. नळ पुन्हा कधी येईल याची खात्री नसताना भरलेला ड्रम ओतायचा कसा?

पोस्टरवर या प्रश्नाचे उत्तर नसते. मग निरोप वाचला जातो, पटतोही, आणि ड्रम भरलेलाच राहतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घराघरांत ताप सुरू झाला की ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणून विषय संपवला जातो. लोक ऐकत नाहीत हे अर्धसत्य आहे. त्यांना जे सांगितले जाते ते त्यांच्या घरात करता येण्यासारखे असते का, हा खरा प्रश्न आहे.

बुलढाणा जिल्ह्याला टंचाई नवी नाही. उन्हाळ्यात टँकर आणि एरवीही आठ-दहा दिवसांआड नळ, हा अनुभव इथल्या अनेक गावांचा आहे, शहरांचाही आहे. जिथे पाणी रोज येत नाही तिथे प्रत्येक घर हे छोटे जलाशय बनते. ओट्यावर माठ, न्हाणीत सिमेंटची टाकी, अंगणात दोनशे लिटरचे निळे ड्रम, गच्चीवर काळी टाकी, गोठ्याजवळ जनावरांचा हौद. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला याहून चांगली जागा लागत नाही. त्यामुळे टंचाई आणि डेंग्यू ही दोन वेगळी संकटे समजून दोन वेगळ्या खात्यांकडे सोपवली, की दोन्हींचा मेळ घालण्याचे काम घरातील बाईवर येऊन पडते.

गटारातला डास नाही, मग कुठला?

गावात डासांचा विषय निघाला की बोट आधी गटाराकडे जाते. गटारे साफ झालीच पाहिजेत, यात वाद नाही. पण गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स जातीचा डास. तो रात्री चावतो, झोप उडवतो, हत्तीरोगही पसरवतो. डेंग्यू मात्र पसरवत नाही. हिवतापाचा ॲनाफिलिस वेगळा, तोही रात्रीच चावतो. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती. अंगावर, पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो. सकाळचे काही तास आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंतचा काळ ही त्याची मुख्य वेळ.

याचा अर्थ असा, की पेरणी-निंदणीच्या दिवसांत घरातले कर्ते लोक शेतात असतात तेव्हा एडिस घरातच असतो. त्याच्या तावडीत सापडतात ती घरी राहिलेली म्हातारी माणसे, बाळंतीण, अंगणवाडीतली मुले आणि शाळेच्या बाकाखाली उघडे पाय सोडून बसलेले विद्यार्थी.

दुसरी गोष्ट अंतराची. एडिस फार लांब उडत नाही. जिथे जन्मतो तिथून साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचे आयुष्य जाते. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्याच घरातला किंवा शेजारच्या घरातला असतो. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. गटार ग्रामपंचायतीचे असते, ड्रम आपला असतो. पण याच माहितीत दिलासाही आहे. एका गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांनी मनावर घेतले तर त्या गल्लीत फरक पडू शकतो, अख्ख्या गावाची वाट पाहावी लागत नाही.

पाणी ओतले तरी अळ्या परत का दिसतात?

हा मुद्दा बहुतेक पोस्टरांतून सुटतो, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. अंडी खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान, काळी, सहज न दिसणारी. पाणी ओतून दिले तरी ती भिंतीलाच राहतात. कोरडी पडली तरी मरत नाहीत, सहा महिन्यांहून अधिक काळ तग धरतात. पुन्हा पाणी भरले आणि पातळी त्यांच्यापर्यंत पोचली की अळ्या बाहेर पडतात. उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो, कधी त्याआधीही. ‘आठवड्यातून एकदा’ हा हिशेब इथून आलेला आहे.

म्हणून नुसते ‘ओता’ म्हणणे अपुरे आहे. ‘घासा’ हा शब्द हवा. काथ्याने किंवा ताठ ब्रशने, आतल्या बाजूने, विशेषतः पाण्याची रेषा जिथे उमटते त्या पट्ट्यावर. ड्रम पूर्ण ओतला पण घासला नाही, तर पाणीही गेले आणि अंडीही राहिली.

विदर्भात या यादीत कूलरचे नाव सगळ्यात वर यायला हवे. मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तो बंद होतो आणि टाकीत तळाला चार बोटे पाणी तसेच राहते. जुलैत त्यात अळ्या. ज्यांनी पाणी काढून कूलर माळ्यावर टाकला पण टाकी घासली नाही, त्यांच्याकडे अंडी वाळून बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरली की जागी होतात. कूलर ठेवताना टाकी घासून, पुसून, उन्हात कडक वाळवायची. ताट्यांचा जुना वाळा काढून टाकायचा. अर्ध्या तासाचे काम आहे.

पाणी वाचवून डास कसा रोखायचा?

इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ज्या घरात पाणी मोजून वापरले जाते तिथे सल्लाही तसाच नेमका लागतो.

नळ येण्याच्या आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी घरातले ड्रम बहुधा तळाला गेलेले असतात. ड्रम घासण्याची खरी वेळ ती. तळाचे बादलीभर पाणी फडक्यातून गाळून वापरायला घ्यायचे, ड्रम आडवा करून आतून घासायचा, गाळ अंगणातल्या कोरड्या मातीत किंवा झाडाच्या बुडाशी टाकायचा आणि मग नळाचे पाणी भरायचे. यात वाया जाते ते एक-दोन तांबे. अळ्या असलेले पाणी गटारात किंवा डबक्यात ओतू नये, तिथे त्यातल्या काही जगू शकतात. कोरड्या तापलेल्या मातीवर त्या काही मिनिटांत मरतात.

म्हणजे कोरडा दिवस सरसकट शुक्रवारी किंवा रविवारी ठरवण्यापेक्षा नळाच्या दिवशी ठरवला, तर पाणी न दवडता तो पाळता येतो. शासनाच्या निरोपाला हा विरोध नाही, त्याला स्थानिक वेळापत्रकाची जोड आहे. कोणत्या वॉर्डात कधी पाणी सुटणार हे गावातील पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सगळ्यांत आधी कळते. त्याच्या एका संदेशात ‘भरण्याआधी ड्रम आतून घासा’ एवढे चार शब्द घातले, तर ते भिंतीवरच्या मोठ्या फलकापेक्षा जास्त उपयोगी पडतील, असे मला वाटते.

अडचण उरते ती आठ दिवसांहून जास्त अंतराने पाणी येणाऱ्या ठिकाणी. तिथे दोन नळांच्या मध्ये डासाची एक पिढी पुरी होऊ शकते. अशा घरांसाठी झाकण हाच मुख्य उपाय. पण झाकण म्हणजे ड्रमवर टाकलेली फळी किंवा पत्र्याचा तुकडा नव्हे. बोटभर फट असली तरी मादी आत शिरते. तोंडावर जुन्या साडीचे किंवा धोतराचे दुहेरी कापड ताणून दोरीने घट्ट बांधले तर ते प्लास्टिकच्या अर्धवट झाकणापेक्षा जास्त भरवशाचे ठरते. कापड पाण्यात लोंबू देऊ नये, ते ओले राहिले की वरच्या बाजूला साचलेल्या पाण्यात अंडी घातली जातात. घट्ट कापड काढून पुन्हा बांधायचा कंटाळा येतो हे खरेच आहे. म्हणून रोज हात घालायचा एक ड्रम वेगळा ठेवावा आणि बाकीचे बांधून ठेवावेत. आधी जुने पाणी संपवायचे, मग नवीन उघडायचे.

सिमेंटची पक्की टाकी आडवी करता येत नाही, हौदाला कापड बांधता येत नाही. तिथे आरोग्य सेवक टाकतो ते अळीनाशक, म्हणजे टेमिफॉस. गावात ते ‘ॲबेट’ या नावाने ओळखले जाते. वासामुळे अनेक घरे ते टाकू देत नाहीत. ‘पाण्यात विष टाकता का’ असे विचारले जाते. हा प्रश्न रास्त आहे, त्यावर चिडून चालत नाही. ठरलेली मात्रा दहा लाख भाग पाण्याला एक भाग इतकी कमी असते आणि एवढ्या मात्रेत ते वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. मात्रा टाकीच्या मापावर ठरते, म्हणून ती प्रशिक्षित माणसानेच टाकायची. दुकानातून आणलेले शेतीचे कीटकनाशक थेंबभरही पाण्यात टाकायचे नाही. कपाशीच्या पट्ट्यात हे स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे, कारण फवारणीचे औषध इथे घरातच असते.

जनावरांचा हौद, वापरात नसलेली विहीर, बांधकामावरची टाकी यांत गप्पी मासे सोडता येतात. ते अळ्या खातात आणि आरोग्य विभागाकडून मिळतात. नदी-नाल्यात किंवा धरणात मात्र सोडू नयेत, तिथल्या स्थानिक माशांना त्यांचा त्रास होतो.

आणि भंगार. पंक्चरच्या दुकानाबाहेरचे टायर, गच्चीवरचे फुटके माठ, झाकण उडालेले रंगाचे डबे, नारळाच्या करवंट्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या. यातले पाणी कोणालाच लागत नाही, ते ओतायला कोणाचीच हरकत नसते. तरीही पाऊस पडून गेल्यावर तिकडे कोणी पाहत नाही.

मग धूर फवारणी कशासाठी?

गावात डेंग्यूचा रुग्ण निघाला की पहिली मागणी धुराच्या मशीनची होते. मशीन आले, गल्लीत पांढरा धूर पसरला, मोबाइलवर व्हिडिओ निघाला की काम झाल्याचे समाधान सगळ्यांनाच मिळते. मागणाऱ्यांना आणि देणाऱ्यांनाही.

धुराने मरतो तो त्या क्षणी हवेत असलेला डास. पाण्यातल्या अळ्यांना, कोषांना आणि भिंतीवरच्या अंड्यांना त्याने काही होत नाही. शिवाय एडिस रस्त्यावर नसतो. तो घरात पलंगाखाली, कपाटामागे, अडकवलेल्या कपड्यांत बसलेला असतो. धूर येताना आपण दारे-खिडक्या लावून घेतो आणि डासाला आत सुरक्षित ठेवतो. उद्रेक झालेल्या ठिकाणी, रुग्णाच्या घराभोवती लागण झालेले डास झपाट्याने मारण्यासाठी धूर फवारणीचा उपयोग आहे. पण त्याबरोबर पाणीसाठ्यांची तपासणी झाली नाही, तर आठवड्याभरात नवे डास तयार होतात. ग्रामसभेत मागायचेच असेल, तर ‘मशीन कधी येणार’ यासोबत ‘कंटेनर सर्वेक्षणात किती घरांत अळ्या सापडल्या’ हेही विचारता येईल. ती नोंद आरोग्य कर्मचाऱ्यांकडे असते.

मच्छरदाणीबाबतही असाच गोंधळ आहे. हिवताप आणि डेंग्यूचे पोस्टर एकत्र छापले जाते, त्यामुळे ‘रात्री मच्छरदाणी लावतो, आम्हाला काय भीती’ असे वाटू लागते. डेंग्यूत मच्छरदाणी लागते ती दिवसा: झोपलेल्या बाळासाठी आणि तापाने पडून असलेल्या रुग्णासाठी. ताप असताना रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेली मादी साधारण आठ ते बारा दिवसांनी इतरांना लागण करू लागते आणि मरेपर्यंत करत राहते. रुग्णाला जाळीत ठेवायचे ते घरातल्या बाकीच्यांसाठी.

नावावरून काय काय घडले?

माहिती वेळेवर आणि नीट पोचली नाही की तिची जागा दुसरे काहीतरी घेते. महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले ते २००६ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. त्याच वर्षी राज्यात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्राचे अडीच लाखांहून अधिक. सांधे धरल्याने माणसे वाकून, भिंतीला धरून चालत होती. आणि नाव ऐकून अनेकांना वाटले, हा चिकनमुळे होणारा रोग. लोकांनी कोंबडी सोडली, ड्रम तसाच ठेवला. वास्तविक हा शब्द आफ्रिकेतील टांझानियाच्या दक्षिण भागातल्या माकोंडे भाषेतला. वेदनेने वाकणे असा त्याचा अर्थ. ‘चिकनगुनिया’ हा उच्चार आजही सर्रास कानावर येतो आणि त्यासोबत तो गैरसमजही.

विशेष म्हणजे हा आजार महाराष्ट्राला तेव्हा नवा नव्हता. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती आणि तिथे तपासलेल्या लोकसंख्येपैकी सुमारे ३७ टक्के लोक आजारी पडल्याची नोंद आहे. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत ती आठवण पुसली गेली.

जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेलेल्या ४१ नमुन्यांपैकी २५ चिकुनगुनियाचे निघाले, तीन डेंग्यूचे आणि एक झिकाचा. तो राज्यातला पहिला झिका रुग्ण होता, त्यामुळे ३० जुलैनंतर बातम्या झाल्या त्या झिकाच्या. गर्भवतींना असलेला धोका पाहता ती काळजी योग्यच होती. पण गावाला प्रत्यक्षात पुरून उरला होता तो चिकुनगुनिया, आणि तिन्हींचा डास एकच. मथळ्यात कोणते नाव येते यावर लोकांची भीती ठरते, उपाय मात्र त्याच पाण्याच्या टाकीपाशी असतो.

बुलढाण्याने तर हे अगदी अलीकडे अनुभवले. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द देशभर पोचला. पाणी, शाम्पू, बुरशी, विषाणू असे तर्क रोज बदलत राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने गेले, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. विषाणू हा शब्द मात्र गावांना चिकटला. बाहेरचे लोक त्या गावांत जायला कचरू लागले. डासाशी त्या प्रकरणाचा संबंध नाही, पण त्याच जिल्ह्यातल्या लोकांना आता आरोग्याचा कोणताही निरोप ऐकताना ती आठवण असणार, हे आरोग्य यंत्रणेने धरून चालायला हवे.

विश्वासाला तडा जाण्याचे आणखी एक नेहमीचे कारण आहे. गल्लीत दहा जण तापाने पडलेले असतात, खासगी डॉक्टरने ‘डेंग्यू’ म्हटलेले असते आणि सरकारी अहवालात गावाची संख्या शून्य किंवा एक असते. लपवाछपवीचा संशय येतोच. यामागे चाचणीचा फरक आहे. खासगीत बहुधा पट्टीवरची झटपट चाचणी होते. सरकारी नोंदीत पक्का रुग्ण धरला जातो तो एलायझा पद्धतीने तपासलेला, आणि त्यासाठी नमुना ठरलेल्या प्रयोगशाळेत जावा लागतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम, अशी विभागणी असते. चुकीच्या दिवशी केलेली चाचणी नकारात्मक येऊ शकते. २०२३ मध्ये देशात २ लाख ८९ हजारांवर रुग्ण आणि ४८५ मृत्यू नोंदले गेले, महाराष्ट्रात रुग्ण १९ हजारांहून अधिक. हे आकडे अशा नोंदींचे आहेत, प्रत्यक्ष ताप त्याहून बराच जास्त. एवढी गोष्ट गावात उघडपणे सांगितली आणि ‘संशयित’ व ‘पक्के’ असे दोन्ही आकडे फलकावर लिहिले, तर निम्मे वाद मिटतील.

ताप उतरला, आता भीती नाही?

डास चावल्यानंतर चार ते दहा दिवसांत ताप येतो. अचानक चढणारा, डोळ्यांच्या मागे दुखणारा, अंग मोडून काढणारा. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात घरीच बरे होतात. काहींचे बिघडते, आणि ते बिघडते तेव्हा आपण निर्धास्त झालेलो असतो.

डेंग्यूत धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागताना सुरू होतो आणि एक-दोन दिवस राहतो. या काळात काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून पाण्यासारखा द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दिसते ते एवढेच, की अंग गार लागते आहे. ‘ताप गेला, उद्यापासून कामाला’ असे म्हणण्याची वेळ आणि रुग्णाला दवाखान्यात नेण्याची वेळ एकच असू शकते. सोंगणी किंवा निंदणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून माणूस उठतो. मुलाला शाळेत धाडले जाते.

पोटात जोराचे आणि सतत दुखणे, उलट्या न थांबणे, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, श्वास भरभर चालणे, हातपाय गार आणि चिकट होणे, सहा तासांत लघवी न होणे, मूल सुस्त पडणे किंवा उलट विनाकारण चिडचिडे होणे: यातले एकही दिसले तर रात्र काढू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि भरती करण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

आपल्याकडे या आजारात सगळे घर एकाच आकड्याभोवती फिरते. ‘पेशी किती?’ फोनवर पाहुणा हेच विचारतो. दीड लाखाचे ऐंशी हजार झाले की रक्तपेढीची धावपळ सुरू. पण पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे आणि बहुतेकांच्या त्या आपोआप वाढतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्यावरच त्या चढवण्याचा विचार होतो. पेशी पन्नास हजार असूनही रुग्ण नीट असू शकतो आणि एक लाख असूनही रक्तदाब घसरलेला असू शकतो. घरी बसून विचारायचा जास्त उपयोगाचा प्रश्न आहे, ‘लघवी किती वेळा झाली?’ त्यावरून शरीरात पाणी पुरेसे आहे का ते कळते. मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस, भाताची पेज, ताक, लिंबू सरबत, नारळपाणी थोडे थोडे पण सतत द्यावे. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचे दूध यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की त्यांनी गंभीर डेंग्यू टळतो किंवा जीव वाचतो याचा भक्कम पुरावा नाही.

तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मेडिकलमधून ‘अंगदुखीची गोळी’ मागून घेणे हा मात्र या आजारात खरा धोका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. स्नायूत घ्यायचे दुखण्याचे इंजेक्शनही टाळायचे. शेतमजुराच्या खिशात अशा गोळ्या नेहमी असतात, म्हणून पावसाळ्यात हा निरोप मेडिकल दुकानाच्या काउंटरवरच चिकटवलेला बरा. एकदा डेंग्यू होऊन गेला म्हणजे सुटका झाली असेही नाही. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते.

निरोप कोणी द्यायचा?

निकाराग्वातील मनाग्वा शहर आणि मेक्सिकोच्या ग्वेरेरो राज्यातील वस्त्यांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे नवे औषध वापरले नाही. वस्तीतल्या लोकांना त्यांच्याच घरांतल्या पाण्यातले डासांचे पुरावे दाखवले आणि काय करायचे ते वस्तीने ठरवायचे, एवढेच. जिथे हे झाले तिथे मुलांमधील डेंग्यूची लागण इतर वस्त्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. कोणी फलक लावला की कोणी सभा घेतली, असे प्रत्येक वस्तीचे उपाय निराळे होते.

आपल्याकडे हे करायला परदेशी निधी लागत नाही. आशाताई घरात येतात, टॉर्च मारून टाकी पाहतात आणि वहीत नोंद करून जातात. त्याऐवजी पारदर्शक बाटलीत त्याच टाकीतले पाणी घेऊन वळवळणाऱ्या अळ्या घरातल्यांना दाखवल्या, तर पुढचे फारसे बोलावे लागत नाही. सहावी-सातवीच्या वर्गात अशी एक बाटली जाळीने तोंड बांधून टेबलावर ठेवली, तर आठवड्याच्या आत मुले तिच्यात डास उडताना पाहतात. घरी जाऊन तीच मुले ड्रममध्ये डोकावतात. आशाताईंनी दाखवलेली अळी आणि वर्गातला डास, ही दोन दृश्ये एकाच गल्लीत पोचली पाहिजेत.

भोंग्यावरून जाणारा निरोपही बदलता येईल. धामणगाव बढेत किंवा आसपासच्या कोणत्याही गावात पाणी सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी तो असा असू शकतो: ‘उद्या सकाळी तुमच्या वॉर्डात नळ येणार आहे. आज रात्री ड्रमातले उरलेले पाणी गाळून घ्या. सकाळी भरण्याआधी ड्रम आतून काथ्याने घासा. भरल्यावर तोंडाला कापड बांधा. घरात कोणाला ताप असेल आणि आज उतरला असेल, तरी अजून दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. पोट दुखत असेल, उलट्या होत असतील, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.’

वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही.